सर्वांसाठी आरोग्यसेवा म्हणजे काय? थायलंड, ब्राझील, मेक्सिको आणि आपण

प्रश्न असा आहे: थायलंड, ब्राझील, मेक्सिको, घाना आणि भारत हे सगळेच देश आपण सार्वत्रिक आरोग्यसेवेकडे निघालो आहोत असे सांगतात; मात्र एका ठिकाणी तिचे रूप पाच लाखांच्या कार्डाचे असते, दुसऱ्या ठिकाणी मोफत सरकारी दवाखान्याचे, तर तिसऱ्या ठिकाणी न्यायालयात मागता येणाऱ्या हक्काचे. या साऱ्यांना एकच गोष्ट अभिप्रेत आहे का, नसेल तर त्यांच्यात नेमका फरक काय, आणि तिजोरी मर्यादित असलेल्या देशाने कोणता मार्ग धरावा? ग्रामीण भागातील सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत आणि पुढे जिल्हा पातळीवरच्या नियोजनात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या आधारावर मी माझे मत आधीच सांगून टाकतो. हे देश एकच गोष्ट बोलत नाहीत. एखाद्या देशाची खरी कल्पना ओळखायची असेल तर त्याच्या घोषणा बाजूला ठेवाव्यात आणि तिथला सामान्य माणूस ताप, खोकला, मधुमेह, बाळंतपण अशा नेहमीच्या गरजांसाठी प्रथम कोणाकडे जातो, तिथे त्याला काय मिळते आणि त्याचे पैसे कोण भरतो, हे पाहावे. या पहिल्या पायरीची जबाबदारी ज्या देशांनी उचलली ते कमी पैशांतही पुष्कळ पुढे गेले. ज्यांनी ती सोडून वरच्या मजल्यापासून सुरुवात केली त्यांचा खर्च वाढत गेला आणि लोकांच्या खिशावरचा भार मात्र अपेक्षेइतका कमी झाला नाही.

आपल्याकडील वाचकाच्या सर्वाधिक ओळखीची कल्पना म्हणजे रुग्णालयातील उपचारांची विमावजा हमी. २००७ साली आंध्र प्रदेशात आरोग्यश्री योजना आली. २००८ साली केंद्र सरकारने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी वर्षाला तीस हजार रुपयांपर्यंतची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली. २०१२ साली महाराष्ट्राने आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली आणि सुमारे दहा कोटी कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी देण्यात आली. २०२३ साली महाराष्ट्रानेही आपली मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्व कुटुंबांना योजनेत घेण्याचा निर्णय केला. या सर्व योजनांमागचा विचार सारखाच आहे: गरीब कुटुंब मोडते ते मोठ्या आजाराच्या मोठ्या बिलाने, तेव्हा ते बिल सरकारने भरावे आणि रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, उपचार अडू नयेत.

या विचाराला मी कमी लेखत नाही. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया, कर्करोगाची केमोथेरपी, आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावे लागणारे डायलिसिस यांसाठी पूर्वी लोक जमिनीचा तुकडा विकत, दावणीची जनावरे विकत, सावकाराकडे जात. आणि ज्यांच्याकडे विकायला काही नसे ते घरी परतत. आज त्यांच्यापैकी अनेकांना रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी कागदपत्रे देऊन उपचार मिळतात, आणि हा बदल ज्याने जवळून पाहिला आहे तो या योजना बंद कराव्यात असे म्हणणार नाही. परंतु कुटुंब जसे एका बिलाने मोडते, तसेच आणि त्याहून अधिक वेळा ते दर महिन्याच्या औषधांनी झिजते. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या एखाद्या शेतमजूर स्त्रीचा विचार करावा. तिला दर महिन्याला डॉक्टरची तपासणी, अधूनमधून साखरेची चाचणी आणि रोजच्या तीन-चार गोळ्या लागतात. तालुक्याला जायचे भाडे आणि बुडालेली मजुरी वेगळीच. ती रुग्णालयात दाखल होत नसल्यामुळे यांतला एकही रुपया योजनेतून मिळत नाही. गावाजवळच्या केंद्रात गोळ्या असल्या तर ठीक, नसल्या तर हातात बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी पडते, आणि हाताला काम नसलेल्या महिन्यांत गोळ्या बंद होतात. काही वर्षांनी तिला अर्धांगवायूचा झटका येतो किंवा तिची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि तेव्हा कुठे तिचे कार्ड उपयोगी पडते. राज्य अखेर पैसे भरते, पण सर्वांत महाग आणि सर्वांत कमी उपयोगाच्या टप्प्यावर भरते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे आरोग्यावर कोण किती खर्च करतो याच्या सरकारी हिशेबानुसार, भारताच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट खरी आणि स्वागतार्ह आहे. तरीही या उरलेल्या खर्चाचा मोठा भाग बाह्यरुग्ण उपचारांचा आणि औषधांचा आहे, म्हणजे रुग्णालयातील भरतीपुरती हमी देणाऱ्या योजना ज्याला स्पर्शच करत नाहीत असा आहे. शिवाय योजनेत सहभागी असलेली खाजगी रुग्णालये जिथे आधीपासून होती तिथेच आहेत. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे कार्डधारकाला निवड करता येते. धडगाव किंवा भामरागडच्या माणसाला तेच कार्ड दाखवण्यासाठी आधी लांबचा प्रवास करावा लागतो.

याच देशात आठ दशकांपूर्वी पूर्ण वेगळी कल्पना मांडली गेली होती. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली अहवाल दिला आणि पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व त्यात स्पष्ट शब्दांत नोंदवले. समितीने विम्याचा मार्ग सुचवला नाही. करातून उभारलेली, प्रतिबंध आणि उपचार एकाच छताखाली ठेवणारी, खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत सलग चढत जाणारी सरकारी सेवा तिला हवी होती, आणि सुरुवातीच्या टप्प्यासाठी तिने चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले. केंद्रे निघाली, पुढे निकषही सुधारले. आज सपाट प्रदेशात तीस हजारांमागे आणि डोंगरी वा आदिवासी भागात वीस हजारांमागे एक केंद्र असावे असा नियम आहे. मात्र इमारत उभी राहिली तेव्हा डॉक्टर नव्हता, डॉक्टर आला तेव्हा औषध नव्हते, आणि पुढची काही दशके या केंद्रांची शक्ती कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे पूर्ण करण्यातच खर्ची पडली. भोर समितीची कल्पना चुकीची होती म्हणून ती फसली, असे अनेकदा सुचवले जाते. माझ्या मते तिला लागणारा पैसा कधी दिलाच गेला नाही, आणि हे त्या कल्पनेचे मूल्यमापन करताना विसरून चालत नाही.

१९७८ च्या सप्टेंबरात सोव्हिएत कझाकस्तानातील अल्मा-आटा येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि इसवी सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य, हे ध्येय ठरले. ही कल्पना दवाखान्यापेक्षा पुष्कळ व्यापक होती. पिण्याचे पाणी, अन्न, स्वच्छता, शिक्षण आणि गावाचा निर्णयातील सहभाग या सर्वांना तिने आरोग्यसेवेचाच भाग मानले. या परिषदेच्या विचारांत महाराष्ट्राचा खराखुरा वाटा होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सुरू केलेल्या कामाचा वृत्तांत जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या संकलनात होता, आणि अल्मा-आटाची भूमिका ज्या प्रयोगांवरून घडली त्यांत त्याची गणना होते. जामखेडने गावातल्याच स्त्रियांना, त्यांतही अनेक दलित आणि निरक्षर स्त्रियांना, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांकडून नवजात बालकांची घरी काळजी घेऊन नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली दाखवून दिले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत ती पद्धत देशभर नेली गेली. सार्वत्रिक सेवेच्या चर्चेत रुग्णालयांची आणि विम्याची आकडेमोड सुरू झाली की हा धागा नेहमी सुटतो. ज्या बाळाला घरच्या घरी वाचवता येते त्याच्यासाठी कुठलेही पॅकेज, म्हणजे योजनेत एकेका उपचारासाठी रुग्णालयाला ठरवून दिलेली रक्कम, लागत नाही, आणि म्हणून ते बाळ कोणत्याही योजनेच्या हिशेबात दिसतही नाही.

अल्मा-आटाचे ध्येय जाहीर झाल्यानंतर वर्षभरातच त्याला पर्याय पुढे आला. गरीब देशांना सर्व काही परवडणार नाही, तेव्हा कमी खर्चात अधिकाधिक जीव वाचवणारे मोजके उपाय निवडावेत, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९७९ साली सुचवले आणि युनिसेफने १९८०च्या दशकात वाढीचे मोजमाप, जलसंजीवनी, स्तनपान व लसीकरण या चार उपायांवर भर दिला. लसीकरण त्यामुळे खरोखर वाढले आणि असंख्य मुले वाचली. हे श्रेय त्या धोरणाला दिलेच पाहिजे. पण याच विचाराने गरिबांसाठी किमान आणि बाकीच्यांसाठी बाजार अशी विभागणी मनात रुजवली. जागतिक बँकेच्या १९८७ च्या धोरणपत्राने सरकारी दवाखान्यांत शुल्क घेण्याचा पुरस्कार केला आणि १९९३ च्या वार्षिक अहवालाने गरीब देशांच्या सरकारांनी किमान उपचारांचे एक पॅकेज द्यावे, बाकीचे इतरांवर सोपवावे, अशी मांडणी केली. शुल्काचे परिणाम लवकरच दिसले. केनियात १९८९ च्या अखेरीस शुल्क लागू होताच रुग्णांची संख्या इतकी घसरली की बाह्यरुग्णांचे शुल्क वर्षाच्या आत स्थगित करावे लागले. युगांडाने २००१ साली शुल्क काढून टाकले तेव्हा दवाखान्यांकडे येणाऱ्यांची, विशेषतः गरिबांची, संख्या झपाट्याने वाढली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील सर्व सेवा मोफत केल्या, तो निर्णय याच दीर्घ अनुभवाशी सुसंगत होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अहवालात या सगळ्या मतभेदांना एका चौकटीत बसवण्याचा प्रयत्न केला. किती लोकांना, कोणत्या सेवा आणि खर्चाचा किती भाग, अशा तीन बाजू तिने मांडल्या. देशाने या तिन्ही बाजूंनी हळूहळू पुढे जावे, एवढेच त्यात म्हटले होते. २०१२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने याला पाठिंबा दिला आणि २०१५ साली शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत त्याचा समावेश झाला. चौकट उपयुक्त आहे, पण ती कोणत्याही बाजूने भरायला सुरुवात करता येते, आणि परस्परविरोधी धोरणे आखणारे देश त्यामुळेच एकाच ध्येयाचा दाखला देऊ शकतात. थोड्यांना पुष्कळ द्यावे की सर्वांना थोडे, हा निर्णय चौकट घेत नाही. तो राजकारणाला घ्यावा लागतो. मोजमापातही एक अडचण राहून गेली आहे. कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर गेली तर ते कुटुंब आर्थिक संरक्षणाबाहेर आहे असे अनेक वर्षे मानले जात होते. परवडत नाही म्हणून जो दवाखान्यात गेलाच नाही त्याचा खर्च शून्य असतो, आणि या निकषानुसार तो सुरक्षित ठरतो. दुर्गम भागात काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे की सर्वांत कमी खर्च करणारी माणसे बहुधा सर्वांत असुरक्षित असतात.

आता थायलंडकडे येतो. या देशाचे उदाहरण सर्वत्र दिले जाते, पण त्यातला महत्त्वाचा भाग बहुधा वगळून दिले जाते. २००१ साली थाक्सिन शिनावात्रा यांच्या पक्षाने तीस बाटमध्ये सर्व आजारांवर उपचार, अशी घोषणा देऊन निवडणूक जिंकली. तीस बाट म्हणजे त्या वेळचे तीस-पस्तीस रुपये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सहा प्रांतांत योजना सुरू झाली, वर्षभरात ती देशभर पोहोचली आणि २००२ च्या अखेरीस राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा झाला. तोवर सुमारे तीस टक्के लोकांना कोणतेच संरक्षण नव्हते आणि देशाचे दरडोई उत्पन्न वर्षाला जेमतेम एकोणीसशे डॉलर होते. गरीब देशाला हे परवडणार नाही असा इशारा बाहेरच्याच नव्हे तर देशातल्याही अनेक तज्ज्ञांनी दिला होता. तरीही आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशाचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास होता तो पुढच्या दीड दशकात एक दशांशाच्या जवळ आला.

हे एका निवडणुकीने घडले नाही. १९७०च्या दशकाच्या प्रारंभापासून तिथे नव्या डॉक्टरांना तीन वर्षे सरकारी, मुख्यतः ग्रामीण, सेवा करावी लागत होती. १९८२ ते १९८६ या पाच वर्षांत सरकारने प्रांतांच्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांवरची नवी गुंतवणूक रोखून धरली आणि तो पैसा तालुक्यांच्या रुग्णालयांकडे व गावगटांच्या आरोग्य केंद्रांकडे वळवला. शहरातल्या प्रतिष्ठित रुग्णालयाची नवी इमारत पाच वर्षे थांबवणे म्हणजे काय, हे ज्याने कोणत्याही जिल्हा नियोजन समितीची बैठक पाहिली असेल त्याला सांगायला नको. १९९०च्या दशकापर्यंत जवळजवळ प्रत्येक तालुक्यात दहापासून एकशेवीस खाटांपर्यंतचे रुग्णालय आणि त्याखाली आरोग्य केंद्रांचे जाळे तयार झाले होते. ग्रामीण डॉक्टरांची एक चळवळही तयार झाली होती, आणि योजनेचे शिल्पकार मानले जाणारे डॉ. सांगुआन नित्यारंपोंग त्याच चळवळीतले होते. १९९७ च्या राज्यघटनेने पन्नास हजार नागरिकांच्या सह्यांनी कायद्याचा मसुदा संसदेपुढे ठेवण्याची सोय केली होती. स्वयंसेवी संघटनांनी त्या सह्या गोळा केल्या. राजकीय पक्षाने उचलली ती अशी तयार झालेली गोष्ट होती.

पैसे देण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. तालुक्याचे रुग्णालय आणि त्याखालची केंद्रे मिळून एक गट मानला गेला, त्या भागातील लोकांची नावे त्या गटाकडे नोंदवली गेली आणि प्रत्येक नोंदलेल्या माणसामागे गटाला वर्षाची ठरावीक रक्कम दिली गेली. सुरुवातीला ती सुमारे बाराशे बाट होती. माणूस आजारी पडला काय किंवा न पडला काय, बाह्यरुग्ण सेवेची ती रक्कम ठरलेलीच. त्यामुळे रक्तदाब आटोक्यात ठेवणे, मधुमेह वेळीच ओळखणे, लस देणे यांत व्यवस्थेचाच फायदा झाला. आपल्याकडच्या पॅकेजवर आधारलेल्या योजनांत शस्त्रक्रिया झाली तर रुग्णालयाला पैसे मिळतात, शस्त्रक्रिया टळली तर कोणालाच काही मिळत नाही. दोन कल्पनांमधला सर्वांत मोठा व्यावहारिक फरक मला इथे दिसतो.

थायलंडने सर्व काही पहिल्या दिवशी दिले नाही. डायलिसिस सुरुवातीला योजनेबाहेर होते. २००८ साली ते आत आले, तेही पोटाच्या पोकळीतून घरी करता येणाऱ्या पद्धतीला प्राधान्य देऊन, कारण यंत्रावरच्या डायलिसिससाठी दूरच्या रुग्णांना सतत प्रवास करावा लागला असता. कोणते औषध वा उपचार घ्यायचे याचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था २००७ साली स्थापन झाली आणि तिचे निष्कर्ष जाहीर केले जातात. एचआयव्हीची औषधे परवडावीत म्हणून सरकारने २००६ साली सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची वा आणण्याची मुभा, वापरून पेटंटधारक कंपनीचा विरोध पत्करला. उणिवाही आहेत: सरकारी नोकरांची वेगळी योजना अजून कायम आहे आणि तिच्यावरचा दरडोई खर्च सर्वसामान्यांच्या योजनेपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि परदेशी रुग्णांवर चालणारी खाजगी रुग्णालये सरकारी डॉक्टरांना ओढून नेतात.

मेक्सिकोने जवळपास त्याच काळात दुसरा मार्ग धरला. नोकरदारांसाठी आधीच असलेल्या व्यवस्थेबाहेरच्या लोकांसाठी २००३ च्या कायद्याने लोकविमा आणला, पाच कोटींहून अधिक लोकांची नोंदणी झाली, मोठ्या आजारांसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. मोठ्या खर्चाचे आघात काही प्रमाणात कमी झाले, पण लोकांच्या खिशातला खर्च एकूण खर्चाच्या सुमारे ४० टक्क्यांच्या आसपास राहिला, कारण नोंदणी झालेल्या माणसाला दवाखान्यात औषध मिळेलच असे नव्हते. मग २०२० साली नव्या सरकारने ती योजना मोडून सर्वांना मोफत सेवा देणारी संस्था आणली आणि तयारीविना आणलेली ती संस्था २०२३ साली गुंडाळावी लागली. तिथल्या सरकारी मोजणीनुसार आरोग्यसेवा मिळत नसलेल्या लोकांचे प्रमाण २०१८ साली १६ टक्के होते ते २०२२ साली ३९ टक्क्यांवर गेले. मोफत सेवेच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा आकडा नेहमी समोर ठेवला पाहिजे. घानाने २००३ साली विमा कायदा करून मूल्यवर्धित करावर अडीच टक्क्यांचा अधिभार लावला. योजनेचा बहुतेक पैसा करांतूनच येतो, तरीही असंघटित क्षेत्रातील लोकांकडून हप्ता मागण्याचा आग्रह कायम राहिला आणि दहा वर्षांनंतरही निम्म्याहून कमी लोक त्यात होते. ज्यांचे उत्पन्न पगारपत्रकावर दिसत नाही अशा शेतमजूर, फेरीवाले, घरकामगार यांच्याकडून हप्ते गोळा करण्यात विकसनशील देशांनी जी शक्ती घालवली तिच्यातून फारसा पैसा मिळाला नाही, आणि हप्ता न भरणारे गरीब मात्र बाहेर राहिले.

आरोग्य हा हक्क मानणारी कल्पना ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत लिहिली: आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि राज्याचे कर्तव्य. १९९० च्या कायद्याने एकच सार्वजनिक व्यवस्था स्थापन झाली आणि १९९४ पासून कुटुंब आरोग्य पथके उभी राहिली. डॉक्टर, परिचारिका, साहाय्यक आणि त्याच वस्तीतले आरोग्य कार्यकर्ते अशा पथकाकडे तीन-चार हजार लोकांची जबाबदारी असते आणि कार्यकर्ते घरोघर नियमित जातात. ब्राझीलच्या यशाचे श्रेय मी घटनेतील कलमापेक्षा या पथकांना अधिक देतो. नुसत्या कलमाने काय होते तेही तिथेच दिसले. महागड्या औषधांसाठी लोक न्यायालयात जाऊ लागले, न्यायालये एकेका रुग्णासाठी आदेश देऊ लागली, आणि वकील गाठू शकणाऱ्यांचा हक्क इतरांच्या आधी पूर्ण होऊ लागला. तिथे सुमारे एक चतुर्थांश लोकांकडे खाजगी विमा आहे आणि एकूण आरोग्यखर्चात सरकारचा वाटा निम्म्याहून कमी आहे. २०१६ साली सरकारी खर्चावर घटनादुरुस्तीने मर्यादा घातली गेली तेव्हा हक्काचे कलम जसेच्या तसे राहिले आणि पैसा आकसला. कोलंबियात न्यायालयाची भूमिका अधिक विधायक ठरली: वर्गणी भरणाऱ्यांना जास्त आणि अनुदानित गरिबांना कमी सेवा, हा १९९३ च्या कायद्याने केलेला भेद घटनात्मक न्यायालयाने २००८ च्या निकालात दूर करायला लावला. राजस्थानने २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा आपल्याकडेही हीच चर्चा सुरू झाली आणि तातडीच्या उपचारांचे पैसे खाजगी रुग्णालयाला कोण आणि कधी देणार, या प्रश्नावर डॉक्टर रस्त्यावर उतरले. हक्काचा कायदा असावा असे माझे मत आहे, पण तो देयकाच्या तरतुदीसह असावा.

दक्षिण आफ्रिकेत वाद याहून मूलभूत आहे. तिथे साधारण सहापैकी एकाच माणसाकडे खाजगी विमा आहे, पण देशाच्या आरोग्यखर्चापैकी जवळजवळ निम्मा पैसा त्या वर्तुळातच खर्च होतो. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी सही केलेला राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा सर्वांचा पैसा एका निधीत आणू पाहतो आणि म्हणूनच त्याला कडवा विरोध आहे. गरिबांसाठी वेगळी योजना काढली की श्रीमंतांना तिच्या दर्जाची चिंता करण्याचे कारण उरत नाही, हे सत्य त्या वादाच्या मुळाशी आहे, आणि ते भारतालाही लागू पडते.

परवडण्याच्या प्रश्नाला श्रीलंका उत्तर देते. १९५१ पासून तिथे सरकारी सेवा मोफत आहे, सरकारचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत-बाहेर राहिला आहे, आणि तरीही मातामृत्यूचे प्रमाण या उपखंडात तिथे फार पूर्वीपासून कमी आहे. साध्या आजारासाठी पैसे असलेले लोक तिथेही खाजगी डॉक्टरकडे जातात. पण रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली की दहापैकी साधारण नऊ जण सरकारी रुग्णालयात असतात, आणि ते घरापासून फार लांब नसते. मध्यमवर्गही तेच रुग्णालय वापरत असल्यामुळे ते बंद पडू देणे कोणत्याही सरकारला सोपे नसते. २०२२ च्या आर्थिक संकटात औषधांचा तुटवडा झाला तेव्हा या व्यवस्थेलाही मोठा धक्का बसला, कारण आयात औषधांवाचून ती चालत नाही.

भारतापुरते बोलायचे तर योग्य दिशा लिहून झालेली आहे. नियोजन आयोगाने नेमलेल्या, डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ साली करातून निधी, विमा कंपन्यांचा मध्यस्थ म्हणून वापर नको, रुग्णांकडून शुल्क नको, खर्चाचा सुमारे सत्तर टक्के भाग प्राथमिक सेवेवर आणि सरकारी औषधखरेदी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर, अशा शिफारशी केल्या होत्या. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले; २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना हा ज्याचा एक भाग आहे त्या आयुष्मान भारतचा दुसरा भाग, म्हणजे उपकेंद्रांना आणि प्राथमिक केंद्रांना बळ देऊन उभारलेली आरोग्यवर्धिनी केंद्रे, हा माझ्या दृष्टीने कार्डापेक्षा महत्त्वाचा भाग आहे आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते.

महाराष्ट्रात आधी काय करावे, असे विचारले तर मी औषधांपासून सुरुवात करीन. तमिळनाडूने १९९०च्या दशकाच्या मध्यापासून स्वतंत्र महामंडळामार्फत एकत्रित खरेदी, गोदामांचे जाळे आणि प्रत्येक संस्थेच्या वाट्याची रक्कम आणि उचललेली औषधे नोंदवणारे पासबुक, अशी पद्धत उभी केली, आणि राजस्थानने २०११ पासून त्याच धर्तीवर मोफत औषधे दिली. महाराष्ट्राने २०२३ साली वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायद्याने स्थापन केले आहे. त्याचे यश मोजायचे ते खरेदीच्या रकमेवरून नव्हे, तर किती उपकेंद्रांत रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या वर्षातले सर्व बारा महिने होत्या यावरून. तमिळनाडूने २०२१ पासून या गोळ्या रुग्णाच्या घरी पोहोचवायला सुरुवात केली. आपल्याकडे आशा कार्यकर्तींचे जाळे तयार असताना, त्यांना त्या कामाचा रास्त मोबदला देऊन, हे अशक्य नाही. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाची नोंद एका ठरावीक पथकाकडे करावी आणि त्या पथकाला नोंदलेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे निधी द्यावा. डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांना तो दीडपट-दुप्पट द्यावा, कारण तिथे एकेका घरापर्यंत पोहोचण्याचा खर्चच अधिक असतो. कार्डाची योजना या व्यवस्थेच्या वर ठेवावी आणि, तातडीचे रुग्ण सोडल्यास, पथकाच्या शिफारशीने तिचा वापर व्हावा, म्हणजे अनावश्यक शस्त्रक्रियांनाही आळा बसेल.

खाजगी डॉक्टरांचे काय, हा प्रश्न यानंतर येतोच. राज्यातली बहुतेक बाह्यरुग्ण सेवा आज त्यांच्याकडे आहे आणि त्यांना वगळून सार्वत्रिक सेवा उभी राहील असे मला वाटत नाही. शहरांत आणि मोठ्या गावांत, जिथे सरकारी केंद्र पुरे पडत नाही, तिथे इच्छुक सामान्य डॉक्टरांशी त्याच दरडोई पद्धतीने करार करता येतील: ठरलेल्या कुटुंबांची वर्षभराची जबाबदारी, सरकारी पुरवठ्यातील औषधे, ठरलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपचार आणि रुग्णाकडून एकही पैसा न घेण्याची अट. थायलंडने बँकॉकमध्ये खाजगी दवाखान्यांना असेच जोडून घेतले. मात्र रक्कम वेळेवर मिळाली नाही तर चांगले डॉक्टर पहिल्याच वर्षी बाहेर पडतील आणि उरतील ते रुग्णांकडून दुसऱ्या वाटेने पैसे वसूल करतील. म्हणून देयक किती दिवसांत द्यायचे याची मुदत आणि उशीर झाल्यास व्याज, हे दोन्ही मुद्दे करारातच लिहिलेले असले पाहिजेत.